व्यापाऱ्याची तीन कलमे

पैठण या माणसाने एका वाक्यात उरकले आहे. गोदावरी नाही, तट नाही, देऊळ नाही, सातवाहनांचा राजवाडा नाही. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांची वाट आणि तिथून येणारा पट्टेदार अकीक; संपले पैठण. तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, याच्या वाट्याला थोडी जास्त जागा आली आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर, फार मोठे शहर, तिथून साधे कापड पुष्कळ, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि किनारी मुलखातून तिथे गोळा होणारा आणखी काही माल. हे सारे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब मुलखातून भडोचच्या बंदराला उतरते. ‘पेरिप्लस’चे 51वे कलम जवळपास एवढेच आहे. पुढच्या दोन कलमांत सोपारा, कल्याण, चौल अशी कोकणपट्टी भराभर येते आणि जाते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, 40 ते 70च्या दरम्यान कधीतरी, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही 66 छोट्या कलमांची पुस्तिका. लेखकाने स्वतःचे नाव कुठेच घातलेले नाही. तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिकेचा पूर्व किनारा, अरबस्तान, सिंध, गुजरात, कोकण, केरळ असे करत गंगेच्या मुखापर्यंत कुठे काय खपते आणि काय मिळते, याची ही नोंद. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितामुळे ती टिकली. ते आज हायडेलबर्गला आहे. मॅक्रिंडल यांनी 1879मध्ये, शॉफ यांनी 1912मध्ये आणि लायनेल कॅसन यांनी 1989मध्ये तिची इंग्रजी भाषांतरे केली. आपल्याकडे प्राचीन महाराष्ट्राच्या व्यापारावर लिहिणारे बहुतेक लोक तिच्यातून चार नावे उचलतात आणि पुढे जातात. गद्य म्हणून तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. मला मात्र ते गद्य आवडते, आणि त्यातही ही आपल्या मुलखाची तीन कलमे. उरणच्या मोरा बंदराकडून वाचली तर ती आणखी खुलतात. का, ते पुढे येईलच.

आधी त्याची नजर पाहू. शहर म्हटले की आपल्याला वेस, बाजारपेठ, वाडे दिसतात. या माणसाला शहरात येणारी वाट दिसते, आणि त्या वाटेने काय येते ते दिसते. पैठण म्हणजे सह्याद्रीपलीकडच्या काळ्या खडकातून निघणारा दगड. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत हळूहळू सिलिका साचली, आणि अकीक तयार झाला. तो वेचणारी माणसे, पैलू पाडणारे कारागीर, गाडीवान, एवढे सगळे त्या एका मालाच्या नावात दडलेले आहे. तेर म्हणजे कापूस आणि माग. कापडाची नावे तो प्रतीप्रमाणे लावतो: आधी साधे, मग मलमल, मग एक खास जात. शहर वर्णन करण्याची ही पद्धत रुक्ष वाटते खरी. पण पैठणच्या तटाची उंची सांगून जे कळले नसते ते यातून कळते, की हे शहर कशावर उभे होते.

रोमन शहरांच्या पुरातत्त्वाला ही नजर यायला फार वेळ लागला, याची मला नेहमी गंमत वाटते. पाँपेईचे उत्खनन 1748मध्ये सुरू झाले. त्यानंतर दोनशे वर्षे रोमन शहर खणायचे म्हणजे चौक, देवळे, स्नानगृहे, नाट्यगृहे आणि भिंतींवर चित्रे काढलेली श्रीमंतांची घरे मोकळी करायची, असाच शिरस्ता होता. शहराच्या वेशीबाहेर काय होते याची चौकशी कमी. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या उत्तरेकडच्या एट्रुरियात ट्रॅक्टरचे खोल फाळ शेतात शिरले, आणि जमिनीतून खापऱ्या, विटा, फरशीचे तुकडे वर येऊ लागले. ते कायमचे नष्ट होण्याआधी नोंदवले पाहिजे म्हणून ब्रिटिश स्कूल ॲट रोमचे जॉन वॉर्ड-पर्किन्स आणि त्यांचे सहकारी नांगरलेल्या शेतांतून पायी हिंडू लागले. खापरी उचलायची, जागा नकाशावर मांडायची, पुढच्या शेतात जायचे. हे काम वीसेक वर्षे चालले. टी. डब्ल्यू. पॉटर यांनी 1979मध्ये त्याचे जे पुस्तक केले, त्यात शहरांच्या भोवती शेकडो वाड्या-वस्त्या, शेतघरे आणि वाटा यांचे जाळे उमटले, आणि शहर त्या जाळ्यातली एक गाठ ठरले. आमचा अनामिक व्यापारी पहिल्या शतकात हेच करत होता. फरक एवढाच की त्याला ज्ञानाची हौस नव्हती, नफ्याची होती.

आता त्या वीस आणि दहा दिवसांकडे येऊ. तेर म्हणजेच तगर हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901मध्ये मांडले, आणि ते आता सर्वमान्य आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. भडोच ते पैठण साडेतीनशे. दहा आणि वीस दिवसांनी भागले की दोन्हीकडे दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटर येतात. भरलेली बैलगाडी वळणावळणाच्या वाटेने दिवसाकाठी यापेक्षा फार पुढे जात नाही. म्हणजे अंतरे पक्की आहेत. दिशा मात्र ढिसाळ आहेत. पैठण भडोचच्या थेट दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे, आणि तेरही पैठणच्या पूर्वेला नसून बरेचसे दक्षिणेकडे झुकलेले आहे. ज्याच्या पायाखालून वाट गेलेली नाही पण ज्याने गाडीवानांना दिवस विचारले आहेत, असा माणूस नेमकी हीच चूक करेल. गाडीवानाला दिशेशी काय करायचे? त्याला मुक्काम मोजायचे असतात. या एका विसंगतीतून लेखक कुठे उभा आहे ते आपल्याला दिसते: भडोचच्या धक्क्यावर, देशावरून आलेल्या गाड्या रिकाम्या होत असताना, दुभाष्यामार्फत चौकशा करत.

बिनरस्त्याचा मुलूख हे त्याचे ऐकीव वर्णनही मला तसेच वाटते. नाशिकच्या 10व्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे आपण धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डहाणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्यात तो सांगतो. नद्यांची ही यादी म्हणजे उत्तर कोकणातून गुजरातेकडे जाणारी वाट आहे. नावाडी आणि मुक्कामाच्या जागा असलेल्या मुलखाला बिनरस्त्याचा म्हणणे जरा जास्तच. पण घाटावरून माल आणणारा गाडीवान दलालाला भाडे सांगताना वाट किती वाईट आहे हे सांगणारच. वाक्यात घासाघिशीचा आवाज असा शिरलेला आहे.

आणि या सगळ्या कोरडेपणात एक विशेषण. तगर ‘फार मोठे’ होते. पैठण राजधानी, पण तिला वेगळे विशेषण नाही. न पाहिलेल्या तेरला आहे. हे विशेषण डोळ्यांनी पाहून आलेले नाही, कापडाच्या गठ्ठ्यांवरून आलेले आहे. एवढा माल ज्या गावातून निघतो ते गाव केवढे असेल, हा तर्क. आज तेरणेकाठच्या त्या गावात गेलात तर फार मोठे असे काही दिसत नाही. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी येतात. त्रिविक्रमाचे जुने विटांचे मंदिर आहे. मुळात ते चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातून, शेतांतून जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. त्यात हस्तिदंती आणि हाडाच्या कोरीव वस्तू आहेत, पांढऱ्या शाडूच्या साच्यात काढलेल्या मूर्ती आहेत, मणी आहेत. चापेकरांनी 1950च्या दशकात इथे उत्खननही केले. लामतुऱ्यांचे काम एट्रुरियातल्या त्या पायी पाहणीच्याच जातीचे, फक्त एकट्याचे आणि पगाराविना. ज्या गावात कुंभार संतपदाला पोचला, तिथे इतिहास खापऱ्यांतून वाचला जावा यात मला काही नवल वाटत नाही.

52व्या कलमात सूर बदलतो. तोवर सगळे वर्तमानकाळात चाललेले असते: हे येते, ते मिळते. कल्याणशी आल्यावर या तीन कलमांत पहिल्यांदा भूतकाळ लागतो. थोरल्या सारगनच्या वेळी कल्याण ही रीतसर बाजारपेठ झाली होती. पण सँडनीजने ती ताब्यात घेतल्यापासून तिथला व्यापार फार अडवला गेला आहे, आणि चुकून तिकडे गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला आणली जातात. हा सारा मजकूर दोन वाक्यांचा. राजाचे नाव आले ते बाजार उघडण्याच्या निमित्ताने, दुसऱ्याचे आले ते बंद करण्याच्या निमित्ताने. युद्ध झाले असे तो म्हणत नाही. कोण चांगला, कोण वाईट, हेही नाही. एखाद्याच्या हातून फायद्याचे बंदर गेले की त्याच्या बोलण्यात जो कडवटपणा येतो, तेवढाच इथे आहे, तोही शब्दांत नाही, क्रमात आहे.

सारगन म्हणजे कुणी सातकर्णी, हे बहुतेकांना मान्य आहे. सँडनीज कोण यावर वाद आहेत. वादाच्या मागे मात्र ठोस लढाई आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यात कोकण आणि घाटवाटांसाठी जो झगडा चालला होता, त्याचा हिशोब 1906मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडला. 13 हजारांवर चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप वरून मारलेला. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे चिन्ह. पेरिप्लसकाराने जहाजे अडवल्याचे लिहिले ते यापूर्वीचे, पण त्याच ओढाताणीतले. भडोच क्षत्रपांकडे होते. जकात तिथे जमा व्हायला हवी होती. कल्याणला जहाज गेले तर महसूल सातवाहनांचा. पहारा त्यासाठी. हे एवढे राजकारण त्याने एकही राजकीय शब्द न वापरता सांगितले आहे.

कल्याणनंतर 53व्या कलमात तो नावांची माळ सोडतो: सेमिल्ला म्हणजे चौल, मग मंदगोरा, आणि पुढची अशी बंदरे की त्यांची ओळख पटवताना विद्वानांचे दोन पिढ्यांचे भांडण झाले आहे. मग काही बेटे, आणि तिथे चाचे असतात एवढी ताकीद. इथे त्याचा रस आटलेला दिसतो. वाचताना माझाही आटतो. पण कल्याण आणि चौल या दोन नावांच्या मध्ये जी रिकामी जागा आहे, तिथे मुंबईची खाडी आहे. घारापुरी आहे, करंजा आहे, आणि मोरा आहे. त्याने एक अक्षर लिहिलेले नाही.

मोरे इथे दोन आहेत आणि दोन्ही उरण तालुक्यातच. एक उरणचे बंदर, जिथे भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते. 19व्या शतकात उरणच्या भट्ट्यांतली मोहाची दारू आणि आगरातले मीठ इथून बाहेर जाई. दुसरे समोरच्या घारापुरी बेटावर. बेटावर तीन वस्त्या: राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. पर्यटक राजबंदर आणि शेतबंदरच्या बाजूने वर लेण्यांत जातो आणि महेशमूर्ती पाहून परततो. मोराबंदरकडे तो सहसा फिरकत नाही. त्याच बाजूच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, आणि त्याच किनाऱ्यावर ओहोटीला रोमन ॲम्फोरांचे, म्हणजे दारू-तेल नेण्याच्या मातीच्या भांड्यांचे, तुकडे मिळतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शिला त्रिपाठी आणि ए. एस. गौर यांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्याची जी पाहणी केली, तिचा अहवाल 1997मध्ये आला. त्यात मोराबंदरच्या या खापऱ्यांची नोंद आहे.

ओहोटीचा विषय निघालाच आहे तर 45वे आणि 46वे कलम घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी कशी असते, हे सांगताना हा थंड माणूस एकदम तापतो. आत्ता जिथे पाणी होते तिथे तळ उघडा पडतो, जहाजे कलंडतात, कोरड्यावर अडकलेल्या होड्या क्षणात लाटेखाली जातात, नदी उलटी वाहू लागते. आणि अमावास्येच्या रात्री पाणी येण्याआधी दुरून चाल करून येणाऱ्या सैन्यासारखा गलका ऐकू येतो. सबंध पुस्तिकेत उपमा म्हणावी अशी जागा मोजकीच, आणि ही त्यांतली सर्वांत जोरदार. इथे तो व्यापारी राहत नाही, बुडता बुडता वाचलेला माणूस होतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. तिथल्या खलाशाची ही भीती मोऱ्याच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मोठ्या ओहोटीला बंदरातल्या गाळामुळे लाँच कित्येकदा काही तास बंदच ठेवावी लागते. उरणकर घरातून निघतानाच पाण्याची वेळ पाहतो. आता अटल सेतू झाला, 2024मध्ये रेल्वेही उरणला पोचली, तरी लाँचचा प्रवासी तिथी विसरलेला नाही.

याच भागात आणखी एक तपशील आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भडोचच्या राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार लांबलचक होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे येतात आणि परदेशी जहाजांना वाळूच्या दांड्यांतून वाट दाखवत, भरतीला ओढत, ओहोटीला ठरलेल्या खोल डोहांत उभी करत, बंदरात आणतात. होड्यांची नावेसुद्धा तो देतो. राजांची नावे, आणि मासेमारांच्या होड्यांची नावे, या दोन्हींना त्याच्या पुस्तकात सारखीच किंमत आहे. आपल्या इतिहासलेखनात कोळ्यांना अशी जागा फार उशिरा मिळाली, आणि अजूनही पुरती मिळाली आहे असे नाही.

आता किनाऱ्यावरच्या खापऱ्या. भडोचला काय खपते याची यादी 49व्या कलमात आहे. तिच्यात पहिला माल दारू, आणि दारूंत पहिली इटलीची. लाओडिकीयाची आणि अरबस्तानची नंतर. मग तांबे, कथील, शिसे, पोवळे, कापडे, हातभर रुंद रंगीबेरंगी कमरपट्टे, काच, आणि नफ्यावर बदलून मिळणारी सोन्याचांदीची नाणी. यादीतला क्रम हा या लेखकाचा अलंकार आहे. इटलीची दारू पहिली लिहिली ती सहज नव्हे.

त्या काळात इटलीची दारू ज्या भांड्यातून जाई त्याच्या एका प्रकाराला अभ्यासक ड्रेसेल 2-4 म्हणतात. रोममध्ये माँते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. ती मुळात टेकडीच नव्हे, फेकून दिलेल्या तेलाच्या ॲम्फोरांचा सुमारे 35 मीटर उंचीचा ढीग आहे. तिच्यावरचे आणि इतरत्र सापडलेल्या भांड्यांवरचे लेख वाचता वाचता हाइनरिख ड्रेसेल यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस ॲम्फोरांच्या आकारांचा एक तक्ता केला. त्यातले हे क्रमांक. ड्रेसेल 2-4 ओळखायला सोपी: कानाकडे पाहावे. गोल मातीच्या दोन काड्या, शेजारी शेजारी ठेवलेली दोन बोटे असावीत तशा, एकमेकींना चिकटवलेल्या. कान खांद्याकडे येताना एकदम काटकोनात वळतो. भांडे अखंड असताना त्यात 25-26 लिटर दारू मावे. आतून राळ फासलेली असे. अशा भारतात सापडलेल्या काही तुकड्यांच्या मोडलेल्या कडेवर भिंग धरले की तांबूस मातीत काळे, चकाकणारे कण दिसतात. ते ज्वालामुखीच्या राखेतले. ती माती नेपल्सच्या उपसागराभोवतालची, व्हेसुव्हियसच्या पायथ्याची, म्हणजे कंपानियाची.

म्हणजे जो तुकडा हाती येतो तो रोम शहराचा नसतो, पाँपेईच्या चौकाचाही नसतो. तो पाँपेईच्या भोवतालच्या शेतांचा असतो. तिथे बोस्कोरेआले गावात व्हिला रेजिना नावाचे एक छोटे शेतघर सापडले. संगमरवर नाही, कारंजे नाही. अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले 18 रांजण, द्राक्षे तुडवायची जागा, आणि राखेने जपलेली आसपासची बाग. पाँपेईच्या तटाच्या आतसुद्धा एक मोठी द्राक्षबाग होती, हे विल्हेल्मिना याशेम्स्की यांनी शोधले. वेली कुजून गेल्या, पण मुळांच्या जागी राखेत पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्या मोकळ्या करून त्यांत ओतकाम केले, आणि मुळांचे साचे बाहेर आले. दोन हजारांहून अधिक वेली मोजता आल्या. शहराचे उत्खनन करणाऱ्यांनी ही जागा दोनशे वर्षे गुरांचा बाजार समजून बाजूला ठेवली होती.

आपल्याकडे नेवाशाला 1954 ते 56मध्ये हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. प्रवरेकाठच्या या गावात त्यांना ॲम्फोरांचे तुकडे मिळाले. 2001मध्ये सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी ते पुन्हा तपासून त्यांतले ड्रेसेल 2-4 वेगळे काढले. समुद्रापासून घाट चढून, पैठणच्या वाटेवर, इतक्या आत ही दारू गेली होती. 51वे कलम वाचताना आपण समजतो की गाड्या फक्त खाली उतरत होत्या. नेवाशाची खापरी सांगते की त्या परत जाताना रिकाम्या नव्हत्या. लेखकाने हे लिहिले नाही, कारण भडोचला माल उतरला की त्याचा धंदा संपत होता.

मोराबंदरचे प्रकरण याहून चमत्कारिक. ग्रीक जहाजांना कल्याणकडे जायला मज्जाव असेल, तर कल्याणच्या तोंडाशी असलेल्या बेटावर ॲम्फोरा आल्या कशा? मला यात ग्रंथ आणि किनारा यांचे भांडण दिसत नाही. पहारा कायमचा नव्हता. सारगनच्या वेळी बंदर खुले होते हे ग्रंथच सांगतो, आणि गौतमीपुत्रानंतर पुन्हा खुले झाले असणार. शिवाय अडवली जात होती ती परदेशी जहाजे. भडोचला उतरलेली भांडी आपल्याच होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली आणायला कुणाची हरकत होती? चौल, कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत दाते म्हणून कोरलेली आहेत. कार्ल्याला धेनुकाकटच्या यवनांची, जुन्नरला इरिल, चित आणि चंद या यवनांची दानेही आहेत. ही माणसे एका राजाच्या नाकेबंदीने धंदा गुंडाळणारी नव्हती.

एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी. भारतात पूर्वी सरसकट रोमन म्हणून नोंदलेल्या पुष्कळ खापऱ्या रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा पाहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर फासलेल्या, बिनकानांच्या लांबट भांड्यांच्या निघाल्या. त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात. इराणच्या आखातातून येणारा व्यापार रोमच्या प्रेमात आपण झाकून टाकला होता. पेरिप्लसमध्ये त्या आखातातल्या बंदरांची कलमे आहेत. ती आपण भराभर उलटतो, एवढेच.

आता जे खटकते ते. 49व्या कलमातच पुढे राजासाठी आणायच्या मालाची वेगळी यादी आहे: चांदीची भारी भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी देखण्या मुली, उंची दारू, किमती कापडे, उत्तम उटणी. मुली भांडी आणि दारू यांच्या मध्ये येतात. वाक्य अडखळत नाही, क्रियापद बदलत नाही. ज्या कोरडेपणाचे मी आतापर्यंत कौतुक करत आलो, तोच इथे अंगावर येतो. आणि तो एकाच शैलीचा भाग आहे, दोन वेगळे करता येत नाहीत. जगाला माल म्हणून पाहणारी नजर पैठणचा पाया दाखवते आणि त्याच सहजतेने माणसाला गठ्ठ्यांत बांधते. शॉफ यांच्या टिपा वाचताना असे वाटते की त्यांना हे नेहमीचेच वाटले असावे. मला नाही वाटत.

उलट दिशेने गेलेली एक स्त्री आपल्याला पाहता येते. 1938मध्ये अमेदेओ मायुरी यांना पाँपेईच्या व्हिया देल्लाब्बोंदांत्सा रस्त्यावरच्या एका घरात सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. दागिन्यांनी लगडलेली तरुणी, दोन्ही बाजूंना दासी, डोक्यावरून आत गेलेले भोक. म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या फर्निचरचा पाय असावी. तळाशी खरोष्ठी अक्षर आहे. 79 साली व्हेसुव्हियस फुटला त्याआधी ती तिथे पोचलेली होती, म्हणजे पेरिप्लसच्याच पिढीत. मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटले. नंतरच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटते. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला अशाच घडणीचे नमुने मिळाले, आणि ती भोकरदनची असावी असे एक मत आहे. तसे असेल तर ती पैठणकडच्या गाड्यांबरोबर घाट उतरून भडोचला आली असणार. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे, जटामांसी, गुग्गुळ, अकीक, सुती कापड आणि पिंपळी यांच्या सोबत. कोरलेला की न कोरलेला, हे लिहिण्याची त्याला गरज पडली नाही. भाव दोन्हींना होता.